अणूचा शास्त्रज्ञ, सहा मुलांचा बाप

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'अणूचे अंतरंग' नावाचा पाठ आहे. मधोमध केंद्रक, त्याभोवती एकाबाहेर एक वर्तुळे आणि वर्तुळांवर बसलेले इलेक्ट्रॉन. के, एल, एम, एन ही कवचांची नावे मुले पाढ्यासारखी घोकतात. पहिल्यात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरा. त्या चित्राशी नाव जोडलेले असते नील्स बोर यांचे. दोन-तीन गुणांच्या प्रश्नापुरता हा माणूस मुलांच्या आयुष्यात येतो आणि उत्तरपत्रिका गोळा झाल्या की निघून जातो.

वाचक बंधू-भगिनींनो, या महिन्यात आम्ही तुम्हाला त्या चित्रामागच्या माणसाच्या घरी नेणार आहोत. शास्त्रज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विस्कटलेल्या केसांचा, घरदार विसरलेला, बायकोमुलांची नावेही आठवत नसलेला माणूस येतो. सिनेमांनी आणि गोष्टींनी आपल्या मनावर तसे बिंबवले आहे. "फार शिकला की माणूस घरचा राहत नाही," असे आपल्याकडची बडी मंडळी बोलूनही दाखवतात. बोर यांचे आयुष्य पाहिले की हे बोलणे पुन्हा तपासून पाहावेसे वाटते. त्यांची तीन प्रेमे होती: विज्ञान, कुटुंब आणि शिडाची नौका. या तिन्हींनी त्यांना भरभरून दिले, आणि तिसऱ्याने एक जखमही दिली. ती शेवटपर्यंत त्यांच्या सोबत राहिली.

जिथे मुले ऐकायला बसत

नील्स यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५ रोजी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे झाला. वडील ख्रिस्तियान बोर हे विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. आई एलेन ही एका सधन ज्यू सावकारी घराण्यातली. थोरली बहीण येनी, मग नील्स, आणि त्यांच्या पाठीवर १८८७ साली जन्मलेला भाऊ हॅराल्ड. हे दोघे भाऊ म्हणजे एका जीवाचे दोन देह. पुढे हॅराल्ड मोठे गणितज्ञ झाले. त्यापूर्वी ते फुटबॉलपटू म्हणून देशभर गाजले होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या डेन्मार्कच्या संघात ते खेळले. नील्सही चांगले गोलरक्षक होते, पण राष्ट्रीय संघापर्यंत मात्र पोहोचले नाहीत.

या घरातली एक रीत आम्हाला फार मोलाची वाटते. विज्ञान अकादमीच्या बैठकीनंतर वडिलांचे तीन मित्र घरी जमत. एक तत्त्वज्ञ, एक भौतिकशास्त्रज्ञ, एक भाषापंडित आणि चौथे स्वतः वडील. रात्री उशिरापर्यंत चर्चा रंगे. दोघा मुलांना समजण्याचे वय आल्यावर तिथे बसायची परवानगी मिळाली. अट एकच, मध्ये बोलायचे नाही. नुसते ऐकायचे. मोठी माणसे एकमेकांचे म्हणणे खोडून काढतात, तरी आवाज चढत नाही आणि शेवटी हसतखेळत निरोप घेतात, हे त्या मुलांनी वर्षानुवर्षे पाहिले. तर्बियत म्हणतात ती हीच. पुढे आइन्स्टाइन यांच्याशी बोर यांचा वाद अनेक वर्षे चालला, पण दोघांमधला आदर कधी उणावला नाही. त्याचे बीज त्या बैठकीत पडले असावे.

मावशी हाना ॲडलर हे आणखी एक मोठे नाव. भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या डेन्मार्कमधल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. त्यांनी मुलामुलींची एकत्र शाळा काढली. सुटीच्या दिवशी भाच्यांना घेऊन त्या संग्रहालये दाखवायला जात. या खालाजान पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

पाण्यापासून अणूपर्यंत

नील्स यांचे पहिले संशोधन पाण्यावरचे होते. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो. त्यामुळेच थेंब गोल होतो आणि पाण्यावर किडे चालू शकतात. हा ताण अचूक मोजायची स्पर्धा अकादमीने जाहीर केली. विशीतल्या नील्स यांनी वडिलांच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या स्वतः फुंकून बनवल्या. रस्त्यावरच्या गाड्यांचे हादरे बसू नयेत म्हणून ते रात्री प्रयोग करत. पण प्रयोग संपेनात. प्रत्येक वेळी काही तरी आणखी तपासावेसे वाटे. शेवटी वडिलांनी त्यांना आजीच्या गावाकडच्या घरी पाठवून दिले, तिथे बसून निबंध पुरा कर म्हणून. निबंध झाला आणि त्याला सुवर्णपदक मिळाले. हुशार मुलाला कधी कधी पुढे ढकलण्यापेक्षा आवरावे लागते, हे ओळखणारा तो बाप होता.

१९११ साली नील्स यांना डॉक्टरेट मिळाली. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला वडील गेले होते. त्यानंतर नील्स इंग्लंडला गेले. मँचेस्टरमध्ये रुदरफर्ड यांनी नुकतेच दाखवून दिले होते की अणूच्या मध्यभागी एक इवलेसे, जड केंद्रक असते आणि इलेक्ट्रॉन त्याच्या भोवती असतात. चित्र सुंदर होते, पण एक मोठी अडचण होती. तेव्हाच्या नियमांनुसार फिरणारा इलेक्ट्रॉन सतत ऊर्जा बाहेर टाकत राहील आणि क्षणार्धात केंद्रकावर जाऊन आदळेल. म्हणजे कोणताच अणू टिकणार नाही. मग ही भिंत, हे टेबल, आपण स्वतः टिकून आहोत ते कसे?

१९१३ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बोर यांनी उत्तर दिले. इलेक्ट्रॉन वाटेल तिथे फिरू शकत नाही. त्याला काही ठरावीक कक्षाच मोकळ्या असतात. त्या कक्षेत असेपर्यंत तो ऊर्जा गमावत नाही. वरच्या कक्षेतून खालच्या कक्षेत उडी मारली तरच प्रकाश बाहेर पडतो. जिन्याच्या पायरीवर आपण उभे राहू शकतो, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही, तसेच हे. या एका कल्पनेने हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रंगीत रेषांचा कित्येक वर्षांचा उलगडा न झालेला हिशेब चोख जुळला. पुढे या प्रतिकृतीत पुष्कळ सुधारणा झाल्या आणि त्या घडवून आणण्यातही बोर स्वतःच आघाडीवर होते. १९२२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हस्ताक्षर मार्ग्रेथे यांचे

१ ऑगस्ट १९१२ रोजी नील्स यांचे मार्ग्रेथे यांच्याशी लग्न झाले. मधुचंद्राला नॉर्वेला जायचे ठरले होते. पण एक शोधनिबंध अर्धवट राहिला होता, म्हणून दोघे इंग्लंडला गेले. नील्स बोलत होते आणि नवी नवरी लिहून घेत होती. ही पुढच्या आयुष्याची सुरुवात होती. नील्स यांना स्वतः लिहिणे जड जाई. ते येरझारा घालत बोलत, एक वाक्य दहा वेळा मोडत आणि पुन्हा जुळवत. लग्नाआधी हे काम आई करायची, लग्नानंतर अनेक वर्षे मार्ग्रेथे यांनी केले. इंग्रजी सुधारणे, पत्रे लिहिणे, पाहुण्यांचे पाहणे, मुलांचे पाहणे हे सगळे त्यांच्याच हातून होत असे.

इथे थोडे थांबून हेही म्हटले पाहिजे की मार्ग्रेथे यांना कोणतेही पदक मिळाले नाही. पुस्तकातल्या चित्राखाली त्यांचे नाव नाही. आपल्या घरांतही असे किती हात असतात, ज्यांच्या जोरावर कोणी डॉक्टर होतो, कोणी हाफिज होतो, कोणी तहसीलदार होतो. अभिनंदनाचा हार मात्र एकाच गळ्यात पडतो. बोर यांचे मोठेपण हे की पत्नीचे मत विचारल्याशिवाय ते महत्त्वाचा निर्णय घेत नसत.

१९२१ मध्ये कोपनहेगनला त्यांची संस्था सुरू झाली आणि कुटुंब संस्थेच्या इमारतीतच राहू लागले. त्यांना सहा मुलगे झाले: ख्रिस्तियान, हान्स, एरिक, ओगे, अर्नेस्ट आणि हॅराल्ड. जगभरातून तरुण शास्त्रज्ञ येत, कोणी हॉलंडहून, कोणी जपानहून, कोणी जर्मनीहून. आपल्या होमी भाभांनीही तिथे काही काळ काम केले. ओगे यांनी मोठेपणी लिहून ठेवले आहे की ही मंडळी त्या मुलांसाठी 'काका'च होती, क्रेमर्स काका, निशिना काका, हायझेनबर्ग काका, पाउली काका. ज्यांची नावे एमएस्सीची मुले धडधडत्या छातीने वाचतात, ते या घरातले चाचाजान होते. उन्हाळ्यात टिसविल्डे गावच्या समुद्राजवळच्या घरी सगळे जात. मुले, पाहुणे, समीकरणे आणि लाकूडतोड हे सगळे तिथे एकाच अंगणात चाले.

शिडाची नौका

डेन्मार्क हा बेटांचा देश. आपल्या कोकणात होडी जशी घरची, तशी तिथे शिडाची नौका. बोर यांनी काही मित्रांच्या भागीदारीत एक नौका घेतली. तिचे नाव 'चिता'. भागीदारांत रसायनशास्त्रज्ञ नील्स बेरुम होते आणि शल्यविशारद ओले चिवित्झही. नौकेवर प्राध्यापकी चालत नाही. दोर ओढावा लागतो, सुकाणू धरावे लागते, वारा फिरला की शीड फिरवावे लागते. बोर यांना हे मनापासून आवडे. मुले वयात आली तसे तेही वडिलांबरोबर जाऊ लागले.

१९३४ चा जुलै महिना. थोरला ख्रिस्तियान सतरा वर्षांचा होता. शाळेची शेवटची परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झाला होता आणि आता विद्यापीठात जायचे होते. त्याला कवितेची ओढ होती. बाप-लेक आणि वडिलांचे मित्र 'चिता' घेऊन निघाले. समुद्र खवळला. एका मोठ्या लाटेच्या तडाख्याने सुकाणूचा दांडा फिरला आणि ख्रिस्तियान पाण्यात फेकला गेला. तो चांगला पोहणारा होता. त्याच्याकडे जीवरक्षक कडे टाकले गेले, पण ते त्याच्या हाती लागले नाही. बाप नौकेवरून पाहत होता. त्यांनी उडी घ्यायचा प्रयत्न केला. मित्रांनी त्यांना घट्ट धरून ठेवले. त्या लाटांत उडी घेतली असती तर दोघेही गेले असते. बराच वेळ शोध घेऊन नौका परत आली. घरी जाऊन मार्ग्रेथे यांना सांगायचे काम बोर यांच्याच वाट्याला आले.

कित्येक आठवड्यांनी मुलाचा देह सापडला. ऑगस्टमध्ये घरी मित्रमंडळी जमली तेव्हा बाप मुलाविषयी बोलला. मुलाच्या आठवणीत आईवडिलांनी तरुण कलावंतांसाठी निधी उभा केला. पुढे काही वर्षांत सर्वांत धाकटा हॅराल्डही आजाराने बालपणीच गेला. सहापैकी दोन मुले आईवडिलांच्या डोळ्यांदेखत गेली.

औलादीचे दुःख काय असते हे ज्याच्यावर आले त्यालाच ठाऊक. आपल्याकडे अशा वेळी लोक दोन गोष्टी करतात. कोणी म्हणते, "विसरून जा." कोणी दोष शोधायला लागते, "कशाला नेले होते पोराला समुद्रावर?" आम्हाला वाटते, दोन्ही शब्द जखमेवर मीठ चोळणारे आहेत. सब्र म्हणजे विसरणे नव्हे. बोर दांपत्याने मुलाचे नाव घरात घेणे थांबवले नाही आणि एकमेकांना दोषही दिला नाही. दीड वर्षाने, १९३६ च्या सुरुवातीला, बोर यांनी अणूच्या केंद्रकाविषयी एक नवी कल्पना मांडली. केंद्रकातले कण एकमेकांत मिसळून एकजुटीने वागतात, अशी ती कल्पना होती. १९३९ मध्ये तरुण सहकारी व्हीलर यांच्याबरोबर त्यांनी युरेनियमचे केंद्रक कसे दुभंगते, हे समजावून सांगितले. त्यात केंद्रक हे पाण्याच्या थेंबासारखे मानलेले आहे, त्याला पृष्ठभाग आहे आणि पृष्ठताणही आहे. तरुणपणी रात्री जागून मोजलेला पृष्ठताण तीस वर्षांनी कामी आला.

दार उघडे ठेवणारे घर

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यू प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. नील्स आणि हॅराल्ड या दोघा भावांनी निर्वासित विद्वानांना मदत करणाऱ्या डॅनिश समितीत काम केले. कित्येकांना कोपनहेगनमध्ये आसरा मिळाला आणि तिथून पुढे दुसऱ्या देशांत काम मिळाले. स्वतःचे नोबेल पदक बोर यांनी १९४० मध्ये फिनलंडमधल्या युद्धग्रस्तांच्या मदतीसाठी लिलावात दिले.

फॉन लाउए आणि फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची सोन्याची पदके मात्र संस्थेत ठेवीसारखी सांभाळलेली होती. एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या. पदकांवर नावे कोरलेली होती आणि जर्मनीतून सोने बाहेर पाठवणे हा मोठा गुन्हा होता. सहकारी हेवेशी यांनी दोन्ही पदके आम्लराजात विरघळवून टाकली. आम्लराज म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचे ३:१ मिश्रण, दहावीच्या मुलांना विचारा, ती सांगतील. बाटली फळीवर तशीच राहिली. झडती घेणाऱ्यांना त्या द्रावणाचा संशयही आला नाही. युद्धानंतर त्यातून सोने परत मिळवले गेले आणि त्याच सोन्याची पदके पुन्हा घडवून मालकांना मिळाली. अमानत अशीही सांभाळता येते.

सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस बोर यांना निरोप मिळाला की त्यांना अटक होणार आहे. आईकडून ते ज्यू होते. त्याच रात्री नील्स आणि मार्ग्रेथे छोट्या नावेतून ओरेसुंडची सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला पोहोचले. ज्या समुद्राने मुलगा नेला होता, त्याच समुद्रातून त्यांना जीव वाचवून जावे लागले. मुले पुढच्या दिवसांत मागून आली. पण बोर स्वतः वाचून गप्प बसले नाहीत. ते स्टॉकहोमला गेले, परराष्ट्रमंत्र्यांना आणि राजाला भेटले. डेन्मार्कच्या ज्यूंना स्वीडनने उघडपणे आसरा द्यावा, ही त्यांची विनंती होती. २ ऑक्टोबरला स्वीडनने रेडिओवरून तशी घोषणा केली. हे बोर यांच्यामुळेच झाले की स्वीडनचे आधीच ठरले होते, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण पुढच्या काही आठवड्यांत सात हजारांहून अधिक माणसे डॅनिश कोळ्यांच्या नावांतून पलीकडे गेली. शेजाऱ्यांनी, डॉक्टरांनी, शिक्षकांनी त्यांना लपवले आणि किनाऱ्यापर्यंत पोहोचवले. सुमारे पाचशे जण मात्र पकडले गेले.

आणि हाना मावशी? चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईंनाही पकडले होते. तेव्हा सुमारे चारशे माजी विद्यार्थ्यांनी सही करून अर्ज केला आणि त्या सुटल्या. शिक्षकाला याहून मोठे निवृत्तिवेतन कोणते?

उरलेली वर्षे

स्वीडनमधून बोर यांना एका छोट्या लढाऊ विमानातून इंग्लंडला नेण्यात आले. त्यांचे डोके मोठे, त्यामुळे हेल्मेट नीट बसले नाही. प्राणवायू सुरू करा ही वैमानिकाची सूचना त्यांना ऐकूच आली नाही आणि ते वाटेत बेशुद्ध पडले. वैमानिकाने ओळखून विमान खाली आणले म्हणून वाचले. मागोमाग एकवीस वर्षांचा ओगे आला आणि दोघे अमेरिकेला गेले. तिथे अणुबाँबचे गुप्त काम चालू होते. बोर यांनी त्यात सल्ला दिला, हे खरे आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण बाँब तयार होण्याच्या आधीच, १९४४ मध्ये, त्यांनी चर्चिल आणि रूझवेल्ट या दोघांना भेटून सांगितले की हे गुपित फार दिवस एका देशाकडे राहणार नाही. आत्ताच मोकळेपणाने बोलला नाहीत तर शस्त्रांची स्पर्धा लागेल. चर्चिल यांनी ऐकून घेतले नाही. १९५० मध्ये बोर यांनी संयुक्त राष्ट्रसंघाला खुले पत्र लिहून हेच पुन्हा मांडले. पुढे काय झाले ते आपण सारे जाणतो.

हयात असलेल्या चार मुलांपैकी हान्स डॉक्टर झाले, एरिक रसायन अभियंता, अर्नेस्ट वकील. अर्नेस्ट १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये हॉकीही खेळले. ओगे वडिलांच्याच वाटेने गेले. अणुकेंद्रकावरच्या कामासाठी १९७५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १ ऑगस्ट १९६२ रोजी नील्स आणि मार्ग्रेथे यांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला, दुपारच्या जेवणानंतर, राहत्या घरी नील्स गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी फळ्यावर एक आकृती काढली होती. आइन्स्टाइन यांनी १९३० मध्ये वादात पुढे केलेली प्रकाशाच्या पेटीची ती आकृती. आइन्स्टाइन जाऊन सात वर्षे झाली होती, पण त्यांच्या प्रश्नाचा आदर अजून संपला नव्हता.

या घरातून आपल्या घरात काय आणता येईल? प्रयोगशाळा नाही, नौका तर नाहीच. पण एक गोष्ट बिनपैशाची आहे. घरी चार जाणते मेहमान आले की आपण मुलांना मोबाइल देऊन आतल्या खोलीत पाठवतो. पुढच्या वेळी त्यांना बाहेर बसवून पाहा. कोपऱ्यात सतरंजीवर का होईना. सगळे समजलेच पाहिजे असे नाही. इल्मची चर्चा कशी असते, मतभेद कसा मांडतात आणि चहा संपल्यावर कसे उठतात, एवढे पाहिले तरी खूप झाले. मुलीही त्या सतरंजीवर असू द्या. आणि पाठ्यपुस्तकात ती वर्तुळे आली, की मुलांना के, एल, एम सोबत ख्रिस्तियानचे, मार्ग्रेथे यांचे आणि हाना मावशींचे नावही एकदा सांगा. परीक्षेत ते येणार नाही.